कद्रूच्या भांड्यातली बुरशी

महाभारताच्या आदिपर्वात कद्रू आणि विनता या दोन सवतींची गोष्ट आहे. दोघीही कश्यपाच्या बायका. कद्रूने हजार नागपुत्र मागितले. विनतेने दोनच मागितले, पण ते कद्रूच्या हजारांना भारी पडतील असे. यथाकाल कद्रूला हजार अंडी झाली, विनतेला दोन. दासींनी ती ऊबदार, दमट भांड्यांत जपून ठेवली, आणि पाचशे वर्षांनी कद्रूच्या अंड्यांतून हजारच्या हजार नाग बाहेर पडले.

वर्गात ही कथा सांगताना मुलांचे लक्ष पुढच्या शापाकडे लागलेले असते. माझे लक्ष अलीकडे त्या भांड्यांकडे जाते. सापाच्या अंड्याला ऊब हवी आणि त्याबरोबर दमही हवा, हे त्या प्राचीन कथाकाराला कसे कोण जाणे, पण नेमके ठाऊक होते. मात्र पाचशे वर्षे दमट भांड्यात ठेवलेल्या हजार अंड्यांपैकी एकावरही बुरशी चढली नाही, हे काही माझ्या मनाला पटत नाही. कथाकाराने ती हकीकत गाळली असावी. ती मी आज सांगणार आहे.

वाचक विचारतील, मराठीच्या मास्तराला सापाच्या अंड्यांशी काय कर्तव्य? प्रश्न रास्त आहे. कर्तव्य माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे. कृष्णाकाठच्या एका गावात त्याची शेती आहे आणि पंचक्रोशीत सर्पमित्र म्हणून त्याचे नाव आहे. कुणाच्या न्हाणीघरात नाग निघाला की रात्री दोन वाजता याचा फोन वाजतो. मी केवळ साक्षीदार. पण दोन महिने जवळून पाहिलेला साक्षीदार.

पाचटातली अकरा अंडी

२०२३ सालच्या एप्रिलमध्ये त्याच्या शेजारच्या रानात उसाची तोड संपली होती आणि मालक पाचट पेटवायच्या तयारीत होता. काडी ओढण्यापूर्वी गड्याने बांधाकडेचा ढीग काठीने उचकला, तो खालून एक भलीमोठी धामण सळसळत निघून गेली. मागे एकमेकींना चिकटलेली पांढरी अंडी राहिली. मोजली तेव्हा अकरा भरली.

धामण बिनविषारी. ती गाईच्या पायांना वेटोळे घालून दूध पिते, या गोष्टीला काहीही आधार नाही. ती खाते उंदीर आणि बेडूक. उसाच्या रानात उंदरांनी मांडलेला उच्छाद ज्याने पाहिला आहे, त्याला धामणीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. तरीही अंडी आहेत तिथेच राहू देणे हाच खरा उत्तम मार्ग. पण तो मार्ग त्या दिवशी बंद होता, कारण तासाभरात तिथे आग लागायची होती. विद्यार्थ्याने वनखात्याला कळवले, परवानगी घेतली आणि अंड्यांचा गठ्ठा जसा होता तसा घरी आणला.

परवानगीचा उल्लेख मुद्दाम केला आहे. अमेरिका, इंग्लंड, जर्मनी या देशांत साप पाळणे ही एक मोठी हौस आहे. पश्चिम आफ्रिकेतला बॉल पायथॉन नावाचा छोटा अजगर किंवा अमेरिकेतला कॉर्न स्नेक यांची पैदास तिथे लोक घरोघरी करतात, आणि अंडी उबवण्याचे त्यांचे शास्त्र चांगले पुढे गेले आहे. आपल्याकडे रानातला साप घरात पाळायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. या कायद्यात ‘प्राणी’ या शब्दाच्या व्याख्येतच त्याची पिल्ले आणि अंडी धरलेली आहेत. सापाचे अंडे फोडणे कायद्याच्या भाषेत शिकारीत जमा होते. तेव्हा आमची गोष्ट पाळीव सापाची नव्हे, पाहुण्या अंड्यांची आहे. बुरशीला मात्र पाळीव आणि पाहुणे हा भेद कळत नाही.

कोंबडीचे अंडे आणि धामणीचे अंडे

अंडे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोंबडीचे येते, आणि तिथेच पहिली फसगत होते. कोंबडीच्या अंड्याचे कवच चुन्याचे, कडक. आत बलक दोन पीळदार दोऱ्यांनी तोलून धरलेला असतो. म्हणून खुडुक कोंबडी दिवसातून अनेकदा अंडी फिरवते आणि ते त्यांच्या हिताचेच असते.

सापाच्या अंड्याचे कवच चामड्यासारखे लवचीक असते. आत तोलून धरणाऱ्या दोऱ्या नाहीत. अंडे घातल्यावर थोड्याच काळात गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला आतून चिकटतो आणि तिथेच वाढू लागतो. मग ते अंडे उलटे केले, तर बलकाच्या भाराखाली गर्भ दबून मरू शकतो. म्हणून माझ्या विद्यार्थ्याने पाचटातून गठ्ठा उचलण्याआधी प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर मऊ पेन्सिलीने हलकी फुली मारली. फुली आभाळाकडे राहिली की झाले.

दुसरा फरक पाण्याचा. कोंबडीचे अंडे आपले पाणी बरोबर घेऊन येते. सापाचे अंडे भोवतालच्या मातीतून पाणी शोषून घेते. दिवसेंदिवस फुगते, वजनाला वाढते. कोरड्यात ठेवले तर ते पिचकते, खळ्या पडतात आणि शेवटी आतला जीव सुकून जातो. म्हणजे त्याला ओल हवी, साधारण २८ ते ३० अंशांची ऊब हवी, आणि कवचातून श्वास घेता येईल इतकी हवा हवी.

आता बुरशीला काय हवे? ओल हवी, ऊब हवी आणि खायला काहीतरी हवे. तिचे बीजाणू मातीत असतात, हवेत असतात, आपल्या हातांवर असतात. गर्भासाठी आपण जी खोली सजवतो, तीच बुरशीला आयती मिळते. साऱ्या प्रकरणातली अडचण एवढीच आहे, आणि ती कधीच पूर्ण सुटत नाही. फक्त सांभाळता येते.

बुरशी कुणाला लागते?

नवव्या दिवशी पेटीचे झाकण उघडले तेव्हा दोन अंड्यांवर पांढरी लव दिसली. कापूस पिंजून टाकावा तशी. तिसऱ्या आठवड्यापर्यंत तिला हिरवट-काळी छटा आली आणि तिचे तंतू शेजारच्या तिसऱ्या अंड्यावर पोचले. विद्यार्थ्याच्या आजीने दारातूनच निकाल दिला, “टाकून दे की रं समदी. नासली ती. घरात वास सुटंल.”

आजीचे म्हणणे अनाठायी नव्हते. भाकरीवर, लोणच्यावर बुरशी दिसली की ती वस्तू गेली, हा स्वयंपाकघरातला पिढ्यान्‌पिढ्यांचा नियम आहे आणि तिथे तो बरोबर आहे. पण लोणचे मेलेले असते. अंडे जिवंत असते. जिवंत अंड्याचे शाबूत कवच बुरशीला सहसा आत येऊ देत नाही. ती प्रथम धरते ते फळलेच नसलेले पोचट अंडे, किंवा फळूनही आत गर्भ मेलेले, किंवा चिरलेले, ज्यातून बलक पाझरतो आहे असे. आधी मरण येते, मागून बुरशी. बहुतेक वेळा क्रम असा असतो, आणि आपण तो उलटा वाचतो.

खात्री करायला साधन सोपे आहे. अंधाऱ्या खोलीत, अंडे जराही न हलवता, त्याच्या कडेला विजेरी टेकवायची. आत जीव असेल तर गुलाबी उजेडात तांबड्या शिरांचे जाळे दिसते. पिंपळाचे पान कुजून त्याच्या शिराच राहाव्यात तसे नाजूक. जीव नसेल तर नुसता पिवळा उजेड दिसतो. विद्यार्थ्याने पहिल्याच आठवड्यात ही परीक्षा घेऊन वहीत टिपले होते: नऊ अंड्यांत शिरा, दोघांत नाहीत. लव चढली ती नेमकी त्या दोघांवर. आणि ज्या तिसऱ्याला तिचे तंतू भिडले होते, त्यात विजेरी लावली तेव्हा शिरा ठसठशीत दिसत होत्या. आजीच्या निकालाप्रमाणे गठ्ठा उकिरड्यावर गेला असता, तर दोन मेलेल्यांबरोबर नऊ जिवंत गेले असते.

याचा अर्थ बुरशी निरुपद्रवी आहे असा मात्र नव्हे. मेलेल्या अंड्यावर पोसलेली बुरशी बळावते. तिचे तंतू शेजारच्या अंड्याच्या कवचावर दाट पसरले तर कवचाची छिद्रे बुजतात आणि आतला गर्भ घुसमटतो. कवच आधीच कमकुवत असेल तर ते भेदूनही जातात. तेव्हा प्रश्न फेकायचे की ठेवायचे हा नसतो. जिवंताला मेलेल्याच्या पाहुण्यापासून वाचवायचे कसे, हा असतो.

चिमटा, कापूस आणि मोकळी हवा

पहिला मोह होतो तो चिमट्याने मेलेले अंडे गठ्ठ्यातून ओढून काढण्याचा. तो आवरला पाहिजे. सापाची अंडी घातल्याबरोबर एकमेकींना चिकटतात आणि सुकल्यावर तो सांधा इतका पक्का होतो, की मेलेले ओढताना शेजारच्या जिवंताचे कवच टरकते. मग बुरशीला जे दार बंद होते ते आपणच उघडून देतो. आमच्या दोन पोचट अंड्यांपैकी कडेचे एक सुकून, आक्रसून आपोआप सुटे झाले, ते काढले. मधले सुटेना. ते तसेच राहू दिले.

दुसरा उपाय पुसण्याचा. काडीला कोरडा कापूस गुंडाळून, वरची लव अलगद टिपून घ्यायची; चोळायचे नाही. ओले फडके मुळीच नको. धुणे तर त्याहून नको, कारण ज्या ओलीने बुरशी आली तीच आपण पुन्हा घालतो. हात आधी आणि नंतर साबणाने धुवायचे. आधी अंड्यांसाठी, नंतर आपल्यासाठी, कारण सापांच्या अंगावर साल्मोनेला जातीचे जंतू असू शकतात.

परदेशातले हौशी लोक आणखी एक उपाय करतात. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्यावर जी बुरशीनाशक पावडर आपण लावतो, टोलनाफ्टेटची किंवा तशाच जातीची, ती ते डागावर चिमूटभर भुरभुरतात. अनेकांना गुण आल्याचे ते सांगतात. ती पावडर अंड्यांसाठी बनवलेली नाही, हे ध्यानात ठेवून हात आखडता घ्यावा. आमच्याकडे डबी आणून ठेवली होती. उघडायची वेळ आली नाही.

वेळ आली नाही याचे श्रेय अंथरुणाला. पहिले दोन आठवडे अंडी काथ्याच्या भुश्यात होती. काथ्याचा भुसा पाणी छान धरतो, पण तो वनस्पतीचा. बुरशीला तो थोडाफार खाताही येतो. पैदास करणारे लोक म्हणून व्हर्मिक्युलाइट किंवा पर्लाइट वापरतात. व्हर्मिक्युलाइट हा अभ्रकासारखा खनिज पदार्थ. तो भट्टीत तापवला की ज्वारीच्या लाह्यांसारखा फुलतो. पर्लाइट हे ज्वालामुखीतले काचेसारखे खनिज, तेही तसेच फुलवतात. दोन्ही पाणी पितात, पण कुजत नाहीत, त्यामुळे त्यांत बुरशीला घास नाही. प्रमाणाचा प्रचलित नियम असा, की जितके वजन व्हर्मिक्युलाइटचे तितकेच पाण्याचे. तराजू नसेल तर मूठ आहे: मूठभर घेऊन दाबले असता गोळा व्हावा, पण बोटांतून पाण्याचा थेंब गळू नये. रोपवाटिकेतून व्हर्मिक्युलाइट आणून अंड्यांच्या फुल्या वर राहतील अशा बेताने गठ्ठा त्यावर उचलून ठेवला.

आणि थेंबांचा बंदोबस्त केला. पेटीच्या झाकणाला आतून वाफेचे थेंब धरतात आणि बरोबर अंड्यांवर टपकतात. जिथे थेंब पडतो तिथे डाग धरतो. विद्यार्थ्याने झाकण एका बाजूने उंच केले, की थेंब उतारावरून कडेला ओघळावेत. शिवाय तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाच मिनिटे झाकण काढून हवा बदलू लागला. आठवडाभरात तिसऱ्या अंड्यावरचा डाग वाढायचा थांबला. मधल्या मेलेल्या अंड्यावरची लवही खुरटली.

आई काय करते?

रानात ना विजेरी असते ना व्हर्मिक्युलाइट. तिथे हे सारे कोण सांभाळते? बरेच साप अंडी घालून निघून जातात. जागेची निवड हेच त्यांचे वात्सल्य. पण काही आया थांबतात, आणि त्या काय करतात हे पाहण्यासारखे आहे.

पश्चिम घाटातल्या नागराजाची मादी वेटोळ्याने पाने ओढून त्यांचा ढीग रचते. घरटे बांधणारी सापांतली ही विख्यात सुगरण. ऐन पावसाळ्यात तो घट्ट ढीग छपराचे काम करतो. अजगराची मादी तर अंड्यांभोवती स्वतःच वेटोळे घालून बसते. लामार-पिको नावाच्या फ्रेंच प्रवाशाने हिंदुस्थानातून परतल्यावर हे सांगितले, तेव्हा पॅरिसच्या विद्वानांचा त्यावर विश्वास बसला नाही. थंड रक्ताचा प्राणी ऊब देईल कशी? पुढे १८४१ साली पॅरिसच्याच प्राणिसंग्रहालयात एक अजगरीण अंड्यांवर बसली. व्हालांसिएन या शास्त्रज्ञाने वेटोळ्यात उष्णतामापक ठेवून पाहिला, तो पारा भोवतालच्या हवेपेक्षा वर चढलेला. १९६६ साली न्यूयॉर्कच्या संशोधकांनी मोजमापे घेऊन दाखवले, की ती स्नायू आकुंचून थरथरते आणि त्या कष्टातून ऊब निर्माण करते.

मला याहून मोलाचे वाटले ते दुसरेच निरीक्षण. मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या अजगराच्या एका लहान जातीवर अलीकडे अभ्यास झाला. त्यात दिसले, की घट्ट वेटोळ्याने अंड्यांची ओल टिकते पण हवा कोंडते. म्हणून आई अधूनमधून वेटोळे सैल करते, हवा आत येऊ देते आणि पुन्हा आवळून घेते. ओल आणि हवा यांचा हा हिशेब ती कुणाकडून शिकत नाही. आमचा सर्पमित्र तिसऱ्या-चौथ्या दिवशी झाकण उघडत होता तेव्हा, नकळत का होईना, तो त्या अजगरिणीचीच नक्कल करत होता.

विनतेची घाई

चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास एक अंडे बसले. त्याच्यावर बुरशीचा एक ठिपका नव्हता, पांढरेशुभ्र, देखणे. विजेरी लावली तर शिरा नाहीशा झालेल्या. का गेले, कळायला मार्ग नाही. डागाळलेले जगते आणि निष्कलंक मरते, हा अनुभव माणसांच्या जगात नवा नाही. अंड्यांच्या जगातही नाही.

आणल्यापासून अठ्ठावन्नाव्या दिवशी पहिल्या अंड्याला बारीक चीर पडली. सापाच्या पिल्लाच्या वरच्या जबड्याच्या टोकाला एक इवलासा दात असतो; त्याने ते कवच आतून कापते, आणि काही दिवसांत तो दात गळून जातो. चिरेतून नाकपुडी दिसते, जीभ लवलवते, आणि मग सारे थांबते. एक दिवस, कधी दोन दिवस. पाहणाऱ्याचा जीव कासावीस होतो. कात्री हातात घ्यावीशी वाटते. पण पिल्लू त्या वेळात उरलेला बलक पोटात ओढून घेत असते. कवच घाईने फाडले तर बलक बाहेर राहतो आणि पिल्लू अशक्त होते, किंवा मरते.

विनतेने नेमके हेच केले होते. सवतीची पोरे खेळताना पाहून तिला राहवले नाही. तिने एक अंडे फोडले. आत अरुण होता: कमरेच्या वर घडलेला, खाली अपुरा. त्याने आईला पाचशे वर्षांच्या दास्याचा शाप दिला आणि सांगितले, की दुसरे अंडे तरी धीराने सांभाळ, त्यातूनच तुझा सोडवणारा येईल. त्यातून गरुड आला. ही कथा मी कित्येक वर्षे शिकवत आलो. तीत अंडी उबवण्याची एक पक्की सूचना दडलेली आहे, हे त्या पेटीशेजारी बसल्यावर कळले.

तीन दिवसांत आठ पिल्ले बाहेर आली. प्रत्येक हातभर लांब, मोठ्या डोळ्यांची, स्पर्श होताच फूत्कारणारी. डाग पडलेल्या तिसऱ्या अंड्यातले पिल्लू सहावे. ते आधीच्या पाचांहून किंचितही वेगळे नव्हते; दुसऱ्याच मिनिटाला मला पत्ता लागेना, की त्यांतले ते कोणते. वनरक्षकाच्या देखत आठही जणांना ओढ्याकाठच्या झुडपांत सोडले. आजी पदर खोचून पाहायला आली होती. ती एवढेच म्हणाली, “समदी टाकली असती तर गं बाई!”

संस्कृतात पक्ष्याला ‘द्विज’ म्हणतात: एकदा अंडे म्हणून जन्मलेला, एकदा कवच फोडून. कोशात या शब्दाचा एक अर्थ ‘अंड्यातून येणारा कोणताही प्राणी’ असाही आहे; म्हणजे सापही द्विजच. त्याचा पहिला जन्म त्याच्या आईच्या हातचा. दुसरा पुष्कळदा आपल्या हातचा असतो.

तेव्हा वाचकहो, उन्हाळ्यात पाचट, विटांचा ढीग किंवा जुनी भिंत हलवताना अशी पांढरी, मऊ, चिकटलेली अंडी दिसली, तर हात लावू नका. ती नागाचीही असू शकतात आणि आई जवळ असू शकते. ढीग तसाच ठेवता आला तर ठेवा. नाही ठेवता आला तर वनखात्याला किंवा जाणत्या सर्पमित्राला बोलवा, आणि तो येईपर्यंत कुणाला ती उलटीपालटी करू देऊ नका. त्यांच्यावर कापसासारखी लव दिसली, तरी एवढ्यावरून निकाल देऊ नका. आधी विजेरी लावून पाहू द्या.